टाकीतील गुणगुण
मोटारीच्या इंधनव्यवस्थेतील आवाज व त्यांचे निदान

मोटारीच्या मागच्या आसनाखालून एखाद्या दुपारी एकाएकी गुणगुण ऐकू येऊ लागते. प्रथम ती इतकी बारीक असते की, मागे बसलेल्या मुलांपैकीच कोणी तरी गुणगुणत आहे असे वाटावे. मग ती वाढते, तिचा स्वर चढतो, मध्येच कापतो आणि गाडी थोडी अडखळल्यासारखी होते. चालक कान देतो, मागे वळून पाहतो आणि जवळच्या मिस्त्रीकडे गाडी नेतो. मिस्त्री आसन उचलून क्षणभर ऐकतो व म्हणतो, "पंप गेला." काही हजार रुपये मोजून नवा पंप बसविला जातो. आवाज थांबतो, आणि पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी तोच आवाज तेथूनच पुन्हा येऊ लागतो.

असे का होते, हे समजावून देण्यासाठी ही पुस्तिका आहे. तिचे सांगणे एका वाक्यात मावण्यासारखे आहे : आवाज पंपाचा असतो हे खरे, पण दोष पुष्कळदा पंपाच्या अलीकडे, म्हणजे पेट्रोल जेथून पंपात शिरते त्या बाजूस असतो. ओरडणारा आणि अपराधी हे दोघे एकच असतील असे गृहीत धरल्याने मालकाचा पैसा वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची टाकी विनाकारण उघडली जाते. आणि टाकी उघडणे हे काम वाटते तितके निरुपद्रवी नाही.

येथे शब्दाविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. मराठीत 'पेट्रोल पंप' म्हटले म्हणजे रस्त्याकडेचे विक्रीचे ठिकाण डोळ्यांपुढे येते. या पुस्तिकेत 'पंप' म्हणजे मोटारीच्या टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला, मुठीएवढ्या आकाराचा, विजेवर चालणारा पंप होय. विक्रीच्या ठिकाणाचा उल्लेख आला तर तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

वाराणसीचेच उदाहरण कशासाठी

विदर्भातील वाचकांस वाराणसीचा रस्ता अपरिचित नाही. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलण्यात आले, त्यापूर्वीचा सातव्या क्रमांकाचा महामार्ग वाराणसीस आरंभ होऊन मिर्झापूर, रेवा, जबलपूर, नागपूर असा थेट कन्याकुमारीस जात असे. काशीतील भोसले घाट नागपूरकरांचा. दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्या परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पूर्वी जे अंतर बैलगाडीने व पायी महिनोन्‌महिने तोडीत, ते सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर आता नागपूरचे कुटुंब स्वतःच्या मोटारीने एका दिवसात, फार तर दीड दिवसात काटते. मुलांच्या सुट्टीमुळे हा प्रवास बहुधा मे महिन्यात घडतो.

मे महिन्यातील वाराणसी ही इंधनव्यवस्थेची एक कठोर परीक्षाच म्हणावी लागेल. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ऐंशी मीटर उंचीवर, सपाट मैदानात वसलेले आहे. दुपारचे तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर असणे ही तेथे नेहमीची गोष्ट असून, 'लू' सुटली म्हणजे ते पंचेचाळीस अंशांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही वर जाते. महाराष्ट्रात मोटारीची कसोटी घाटात लागते. चढावर इंजिन तापते, पण वाराही लागतो. वाराणसीत चढ नाही आणि वाराही नाही. राजघाटाजवळचा मालवीय पूल १८८७ सालचा आहे. त्याच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी आणि वरच्या मजल्यावरून इतर वाहने जातात. अशा जुन्या अरुंद मार्गांवर किंवा गोदौलियाच्या आसपास गर्दीत अडकलेली मोटार तास-तासभर पावलापावलाने सरकते. खालून तापलेले डांबर, शेजारून धुराड्याची तप्त नळी आणि मध्ये पेट्रोलची टाकी, अशी ही स्थिती असते.

आता असे समजू की, नागपूरहून निघालेली एक मोटार रेवा-मिर्झापूर मार्गे भर दुपारी वाराणसीत शिरली आहे. टाकीत पाव हिश्श्याहून कमी पेट्रोल उरले आहे, आणि गर्दीत गाडी थांबताच मागून गुणगुण सुरू झाली आहे. तिचे कारण शोधण्यापूर्वी पेट्रोलचा स्वभाव पाहू.

पेट्रोल आणि आधणाचे पाणी

पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यांतील अगदी हलके भाग ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतात. जड भागांना दोनशे अंश लागतात. म्हणून पेट्रोलचा 'उकळबिंदू' असा एक आकडा सांगता येत नाही. त्याऐवजी ठरावीक तापमानास त्याची वाफ किती दाब देते ते मोजतात. भारतीय पेट्रोलचा हा बाष्पदाब ३७.८ अंशांस वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहा दशांशांपर्यंत असतो. तापमान वाढेल तसा तो झपाट्याने वाढतो, आणि पन्नास-पंचावन्न अंशांच्या सुमारास वातावरणाच्या दाबाची बरोबरी करतो. याचा अर्थ असा की, तापलेल्या गाडीच्या टाकीतील पेट्रोल उकळीच्या उंबरठ्यावर उभे असते. त्याला थोडासा धक्का पुरतो.

तो धक्का पंप देतो. पंपाच्या मुखाशी पेट्रोल ओढले जाते, म्हणजे तेथील दाब किंचित उतरतो. दाब उतरला की उकळण्यास लागणारे तापमानही उतरते. थंड पेट्रोलला याची क्षिती नसते. पण पन्नास अंशांचे पेट्रोल त्या ठिकाणी उकळू लागते व त्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात. हे बुडबुडे पंपाच्या चाकातून पुढे, जास्त दाबाच्या बाजूस ढकलले गेले की क्षणार्धात कोसळतात. प्रत्येक कोसळण्याचा एक बारीक ठोका, आणि असे हजारो ठोके मिळून आपल्या कानी पडणारी कण्हण्यासारखी गुणगुण.

हीच क्रिया प्रत्येक गृहिणीने ऐकली आहे. भातासाठी आधण ठेवले म्हणजे पाणी उकळण्याच्या थोडे आधी 'गाऊ' लागते. तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, वरच्या थंड पाण्यात शिरताच कोसळतात, आणि तो आवाज भांडे मोठा करून सांगते. सगळे पाणी सारखे तापून खळखळा उकळू लागले की हे गाणे थांबते. आधण गाते ते उकळी पूर्ण झाली नाही म्हणून, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

शास्त्रज्ञांचे या क्रियेकडे लक्ष वेधले ते स्वयंपाकघरामुळे नव्हे, तर जहाजांमुळे. १८९० नंतरच्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या 'डेअरिंग' या विनाशिकेच्या चाचण्यांत असे दिसून आले की, पंखा ठरावीक वेगापलीकडे फिरविला तरी जहाजाचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. पंख्याभोवती पाण्यात पोकळ्या निर्माण होतात. अशी पोकळी कोसळताना किती प्रचंड दाब उत्पन्न होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. या क्रियेस इंग्रजीत 'कॅव्हिटेशन' म्हणतात. 'विवर' या शब्दावरून 'विवरण' असा प्रतिशब्द घडवावा, तर मराठीत त्याचा अर्थ भलताच होऊन बसतो; म्हणून येथे 'बुद्बुद-पतन' ही शब्दयोजना केली आहे. ती कोणास अवघड वाटल्यास त्याने खुशाल 'आधणाचे गाणे' म्हणावे. जहाजाच्या पंख्याचे पोलाद ज्या ठोक्यांनी खड्डे पडून झिजते, ते ठोके टाकीतील लहानशा पंपास महिनोन्‌महिने सोसावे लागले तर काय होईल हे सांगावयास नको. शिवाय या पंपाला थंड ठेवणारे आणि वंगण पुरविणारे द्रव्य दुसरेतिसरे कोणतेही नसून स्वतः पेट्रोलच असते. बुडबुडे ना थंडावा देतात, ना वंगण.

पूर्वीची गाडी मुक्याने मरे

ज्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट किंवा २०१४ सालापर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसडर चालविली आहे, त्यांना या दुखण्याचे जुने रूप ठाऊक असेल. त्या गाड्यांत पंप टाकीत नसून इंजिनालाच चिकटलेला असे. इंजिनातील एका दांड्याच्या ढकलण्याने त्यातील लवचीक पडदा खालीवर होई आणि पेट्रोल लांबच लांब नळीतून ओढले जाई. म्हणजे दाब उतरण्याची जागा टाकीपासून इंजिनापर्यंत पसरलेली, आणि तीही इंजिनाच्या उष्णतेत! उन्हाळ्यात नळीत वाफ साठे, पडदा वाफेलाच दाबीत व सोडीत बसे, आणि पेट्रोल जागचे हलत नसे. यास 'बाष्परोध' म्हणावे; मिस्त्री लोक 'गाडीने एअर पकडली' असे म्हणत. उपायही सर्वांस ठाऊक होता : झाकण उघडावयाचे, पंपावर ओले फडके गुंडाळावयाचे आणि झाडाखाली वाट पाहावयाची. उत्तरेकडे या कामी खांद्यावरचा गमछा येत असे.

या जुन्या बाष्परोधात आवाज नसे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गाडी दोन आचके देई आणि गप्प होई. इ.स. २००० च्या सुमारास भारतातील मोटारींत कार्बोरेटर मागे पडून इंजेक्टरांची पद्धत आली, आणि पंप टाकीच्या पोटात गेला. तेथे तो पेट्रोल ओढण्यापेक्षा ढकलण्याचे काम करतो. पूर्वीच्या पंपाचा दाब चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास असे. आताचा पंप तीन ते चार किलो दाब देतो. इतक्या दाबाखाली पुढच्या नळीत वाफ होऊच शकत नाही. मात्र टाकीतील पंपाच्या मुखाशी असलेली लहानशी जागा तेवढी दुबळी राहिली. दुखणे आकसून एका जागी आले, आणि त्याला आवाज फुटला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सुधारणाच आहे. गाडी बंद पडण्यापूर्वी काही दिवस ओरडते, हा लाभ जुन्या मालकांस नव्हता.

स्वर चढला की उतरला

वाराणसी हे तबल्याचे शहर. तेथे स्वर किंचित उतरला तरी हातोडी हातात घेतात. मोटारीच्या निदानात इतक्या तयार कानाची गरज नाही, पण एक भेद प्रत्येकास ओळखता यावा. पंपाचा नेहमीचा बारीक 'हूं' चढला आहे की उतरला आहे?

पंपाच्या पुढे अडथळा असेल, उदाहरणार्थ गाळणयंत्र तुंबले असेल किंवा नळी चेपली असेल, तर पंपावरील भार वाढतो. तो जास्त वीज ओढतो, त्याचे फेरे कमी होतात, आणि स्वर जड व खालचा होतो. पंपाच्या मागे अडथळा असेल, म्हणजे पेट्रोलच पुरेसे मिळत नसेल, तर पंपाला ढकलावयास काही उरत नाही; तो कमी वीज ओढतो, वेगाने फिरतो, आणि स्वर चढतो व कापरा होतो. विजेचा प्रवाह मोजण्याचे साधे उपकरण ज्या मिस्त्रीपाशी आहे, त्याला हा भेद आकड्यांतही दिसेल. असे पंप सामान्यतः चार ते आठ अँपिअर वीज घेतात. गाडीच्या नेहमीच्या आकड्याहून काटा वर आहे की खाली, एवढे पाहिले तरी निम्मे निदान झाले. स्वर उतरलेला आहे आणि प्रवाहही कमी आहे, असे आढळले तर दोष पेट्रोलचा नसून तारेचा किंवा विजेऱ्याचा समजावा. पंपाला पुरेसा विद्युत्‌दाबच पोहोचत नाही.

आपल्या उदाहरणातील गाडीचा स्वर चढलेला व कापरा आहे. म्हणजे पेट्रोल पंपात नीट शिरत नाही. याला मुख्यतः तीन कारणे संभवतात, आणि ती वेगळी करण्यासाठी हत्यार लागत नाही; वेळ आणि लक्ष मात्र लागते.

पहिले कारण केवळ उष्णता व अपुरे पेट्रोल. पाव टाकी पेट्रोल भरल्या टाकीपेक्षा लवकर तापते, आणि पंपाच्या मुखावर द्रवाचा भारही कमी राहतो. अशा वेळी विक्रीकेंद्रावर जाऊन पेट्रोल भरले की आवाज थांबतो. परंतु एवढ्यावरून निदान पुरे झाले असे मानू नये. विक्रीकेंद्राची टाकी जमिनीखाली असल्याने तेथील पेट्रोल थंड असते. तेव्हा आवाज थांबला तो पातळी वाढल्याने की थंडाव्याने, हे कळत नाही. खरी परीक्षा पहाटेची. टाकीत पुन्हा तेवढेच थोडे पेट्रोल असता पहाटेच्या गारव्यात गाडी चालवून पाहावी. आवाज नसेल तर दोष उष्णतेचा. उन्हाळाभर टाकी निम्म्याच्या खाली येऊ न देणे एवढाच त्यावर उपाय. पहाटेही गुणगुण असेल, तर दुसरे कारण पाहावे.

दुसरे कारण पंपाच्या मुखावरील गाळणी. ही बारीक जाळीची, चपट्या पिशवीसारखी असते. विक्रीकेंद्राच्या टाकीतील गाळ, गंज, पावसाळ्यात आलेले पाणी आणि वर्षानुवर्षांची चिकट साय तीवर बसते. जाळी जितकी कोंदेल तितकी पंपाला ओढ जास्त, दाब तितका खाली, आणि बुडबुडे तितक्या कमी तापमानास. नवा पंप जुन्या गाळणीवर बसविला की काय होते, हे आता उघड आहे. पुस्तिकेच्या आरंभी सांगितलेला 'दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आवाज' हा बहुधा येथून येतो.

तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे : टाकीचा श्वास. टाकीतून पेट्रोल कमी होईल तशी आत हवा यावी लागते. आताच्या गाड्यांत टाकीची वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या दाण्यांच्या डब्यातून नेतात, आणि हवाही त्याच वाटेने आत येते. लांबच्या प्रवासास निघताना नळी आपोआप बंद पडल्यावरही "अजून थोडे घाला, काठोकाठ भरा" असे सांगण्याची आपली सवय आहे. ते जास्तीचे पेट्रोल कोळशाच्या डब्यात उतरते, दाणे भिजतात व श्वासमार्ग कोंदतो. धुळीने, किंवा क्वचित कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी केलेल्या मातीच्या घरट्यानेही हेच घडते. मग टाकीत निर्वात होऊ लागतो, पंप त्याच्याविरुद्ध झगडतो आणि ओरडतो.

परीक्षा सोपी आहे. आवाज चालू असता गाडी सावलीत थांबवून इंजिन बंद करावे, आसपास विस्तव वा विडी नाही हे पाहावे, आणि टाकीचे झाकण अगदी सावकाश सैल करावे. उन्हाळ्यात थोडा 'फुस्‌' आवाज होऊन वाफ बाहेर येणे स्वाभाविक आहे. परंतु झाकण आतून कोणी धरून ठेवल्यासारखे घट्ट लागले, 'सूं' करून हवा आत ओढली गेली, आणि नंतर गाडी सुरू करताच गुणगुण नाहीशी झाली, तर पंप निर्दोष आहे. श्वासमार्ग मोकळा करावा. पत्र्याची टाकी असल्यास अशा वेळी मधूनच 'डब्ब' असा आवाजही येतो. तो आत दबलेला पत्रा परत पूर्ववत होण्याचा.

जे आवाज दोषाचे नव्हेत

मराठी भाषा ध्वन्यनुकारी शब्दांत श्रीमंत आहे, आणि मिस्त्रीपाशी जाताना या संपत्तीचा उपयोग करावा. "काही तरी आवाज येतो" असे सांगणाऱ्यापेक्षा टकटक, टिकटिक, फुसफुस, घरघर, कुईकुई यांतून नेमका शब्द निवडणारा मालक अधिक लवकर सुटतो.

किल्ली फिरविताच सुमारे दोन सेकंद येणारा 'हूं' म्हणजे पंप नळीत दाब भरीत आहे. तो थांबलाच पाहिजे. इंजिन चालू असता पुढून येणारी बारीक, सलग टिकटिक इंजेक्टरांची. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर चारशे वेळा, म्हणजे चौघे मिळून सोळाशे वेळा उघडतात. सेकंदाला सुमारे सत्तावीस ठोके झाले. त्याहून मंद, मधूनच सुरू होणारी व थांबणारी टकटक ही कोळशाच्या डब्यातील वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या विद्युत्‌-झडपेची असते. ब्रेक लावल्यावर मागे होणारी 'डुचमळ' ही तर केवळ पेट्रोलची लाट.

फसवा आवाज एकच : सर्व गाडी भरून राहणारा घुमारा, ज्याचे ठिकाण सापडत नाही. पंप मिनिटाला काही हजार फेरे घेतो, आणि त्याचे कंपन पेट्रोलमधून नळीत, नळीतून गाडीच्या तळाच्या पत्र्यात जाते. नळीला धरणारी रबरी पकड निखळून नळी पत्र्यास टेकली, की सारा तळ थाळीसारखा वाजू लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले होते की, तबला-मृदंगाच्या कातड्यावरील शाईच्या वजनामुळे त्याचे कंप सुरेल होतात. साध्या ताणलेल्या कातड्याचे तसे होत नाहीत. मोटारीच्या तळाच्या पत्र्यावरही कारखान्यात डांबरी थर चिकटवितात. हेतू मात्र उलटा : पत्रा सुरेल व्हावा हा नव्हे, तर मुका व्हावा हा. तो थर सुटला वा रबरी पकड गेली, तर निरोगी पंपही आजारी वाटतो. लांब पेचकसाचे टोक नळीवर व मूठ कानाच्या हाडाशी टेकवून मिस्त्री हे ओळखतात. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली रोग्याच्या छातीवर कागदाची सुरळी ठेवली, त्यातलाच हा प्रकार. नळी हाताने किंचित उचलताच घुमारा थांबला, तर शंकेस जागा उरत नाही.

दुसरे इंधन असलेल्या गाड्या

वाराणसीत अलीकडील वर्षांत सी.एन.जी. आला. गंगेतील पुष्कळ नावा डिझेल सोडून त्यावर चालू लागल्या, आणि रस्त्यावरील मोटारीही. कारखान्यातूनच सी.एन.जी. घेऊन आलेल्या गाडीत वायूवर असताना पेट्रोलचा पंप बंद ठेवण्याची सोय सामान्यतः असते. मागाहून स्वस्तात बसविलेल्या काही संचांत ती नसते. मालक "पेट्रोल लागतेच कोठे?" म्हणून टाकीत दोन लिटर ठेवतो; पंप तेच दोन लिटर घुसळीत राहतो, ते तापते, वाफाळते, आणि पंप अकाली जातो. अशा गाडीत गुणगुण ऐकू आली, तर प्रथम पेट्रोलची पातळी पाहावी.

इथेनॉलविषयीही दोन शब्द. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य भारताने २०२५ सालापर्यंत गाठले. इथेनॉल स्वतः पेट्रोलच्या हलक्या भागांइतके उडून जाणारे नाही; तरीही पेट्रोलात थोड्या प्रमाणात मिसळले असता मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, असा रसायनशास्त्राचा चमत्कार आहे. दहा टक्क्यांच्या आसपास ही वाढ सर्वाधिक असते व पुढे हळूहळू ओसरते. याखेरीज इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांस मानवत नाही. जुनी गाडी असल्यास आवाजाबरोबर नळ्यांचीही तपासणी करावी. पेट्रोलच्या वाफाळण्यावर मर्यादा घालणाऱ्या भारतीय मानकात 'बाष्परोध निर्देशांक' असा एक आकडा आहे, आणि उन्हाळ्यासाठी त्याची मर्यादा वेगळी, अधिक कडक ठेवलेली आहे. मैदानी उन्हाळ्याची दखल अशी कागदावरही घेतली गेली आहे. पेट्रोलियमच्या संशोधनाशी वाराणसीचे एक जुने नातेही आहे. शांतिस्वरूप भटनागर १९२१ ते १९२४ या काळात बनारस हिंदू विश्वविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे लाहोरास त्यांनी तेलविहिरींच्या चिखलावर केलेले काम प्रसिद्ध आहे, आणि १९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले संचालक झाले.

टाकी उघडावी लागली तर

गाळणी बदलावयाची म्हणजे पंप बाहेर काढावा लागतो. पेट्रोलमध्ये बुडालेल्या विद्युत्‌-पंपात ठिणग्या उडत असता टाकी पेट कशी घेत नाही, असा प्रश्न चौकस वाचकास पडला असेल. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के या मर्यादांमध्ये असेल तरच पेटते. टाकीच्या आत तिचे प्रमाण याहून कितीतरी जास्त, म्हणून ती पेटत नाही. पण झाकण उघडून वाफ बाहेर पडू लागली, की ती पातळ होत होत नेमकी त्या पेटणाऱ्या पट्ट्यातून जाते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. काशीच्या गल्लीत, जेथे दोन्ही बाजूंस भिंती, समोर चहाची शेगडी आणि शेजारी कोणाची तरी विडी, तेथे आसन उचलून टाकी उघडण्यास कोणी तयार झाला, तर मालकाने त्यास हात जोडून थांबवावे. मोकळी जागा, थंड झालेले इंजिन, सुटे केलेले विजेरे, आणि नळीतील दाब आधी उतरविलेला, या चार गोष्टींवाचून हे काम होऊ देऊ नये. नळीत तीन-चार किलो दाबाचे पेट्रोल असते. ती तशीच उपसली तर फवारा तोंडावर येतो.

आणि गुणगुणीबरोबर पेट्रोलचा वास येत असेल, किंवा बोनेटखालून सतत 'सूं' ऐकू येत असेल, तर वर सांगितलेली एकही परीक्षा करू नये. किल्ली बंद करावी, माणसे खाली उतरवावी, आणि गाडी ढकलत कडेला न्यावी.

गाळणी बदलताना जुनी धुऊन परत बसविण्याचा आग्रह मालकाने धरू नये. बसलेली साय धुण्याने निघत नाही, आणि नव्या गाळणीची किंमत पंपाच्या मानाने क्षुल्लक असते. टाकीच्या तळाचा गाळ काढून घ्यावा. पंपाच्या झाकणाखालील रबरी कडे नवे घालावे. दुरुस्तीनंतरची चाचणी मात्र संध्याकाळच्या गारव्यात, टाकी भरून घेऊ नये. त्या स्थितीत तुंबलेली गाळणीही गप्पच असते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, टाकीत पावभरच पेट्रोल असता, गाडी पुन्हा त्याच गोदौलियाच्या गर्दीत न्यावी आणि मागच्या आसनावर कोणास तरी कान देऊन बसवावे.